हिमनदीच्या नकाशाचे कूळ

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीत जयसिंगपूर ४७ एल या चौकोनात येते आणि काराकोरममधील के-२ शिखर ५२ ए या चौकोनात. अक्षांश-रेखांशांच्या चार-चार अंशांच्या चौकोनाला अंक आणि त्यातील एकेका अंशाच्या सोळा भागांना अक्षर, अशी ही मांडणी आहे. जयसिंगपूरभोवतीचे, शिरोळ तालुक्यातील उसाचे शिवार आणि बारमाही बर्फाचा मुलूख एकाच मापात बसतात, कारण दोन्हींचे नकाशे ज्या त्रिकोणजाळ्यावर उभे आहेत, त्याचा कणा दख्खनच्या पठारावरून उत्तरेकडे गेलेला आहे.

या जाळ्यासाठी विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर साखळीने मोजायची पहिली बाजू, आखायला घेतली. एक बाजू अचूक कळली की पुढचे त्रिकोण केवळ कोन वाचून, गणिताने सोडवता येतात; हे कोन वाचणारे त्याचे थिओडोलाइट जवळपास अर्ध्या टनाचे होते आणि ते डोंगरमाथ्यांवर चढवावे लागे. जानेवारी १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच, लॅम्बटनचा मृत्यू झाला व तिथेच त्याला पुरले. जॉर्ज एव्हरेस्टने ही त्रिकोणांची साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनपर्यंत नेली.

बर्फावर साखळी ओढणे निरर्थक, कारण हिमनदी स्वतःच सरकत असते. म्हणून तिथे दूरवरून वाचलेली शिखरेच स्थिरबिंदू ठरली. १८५६ मध्ये काश्मीरच्या हरमुख पर्वतावरून टी. जी. माँटगोमेरीने सुमारे दोनशे किलोमीटर दूरची दोन शिखरे टिपली व काराकोरमच्या आद्याक्षरावरून त्यांना के-१, के-२ अशा खुणा दिल्या. शिखरांच्या उंचीचा गवगवा पुष्कळ झाला, पण नकाशा भरला तो प्लेन टेबलने: तिवईवर आडवा फळा, त्यावर कागद, आणि ज्ञात शिखरांकडे रोखलेल्या दृष्टिपट्टीच्या रेषा जिथे छेदतात तिथे आपले स्थान. १८६१ मध्ये गॉडविन-ऑस्टिनने बाल्तोरो हिमनदीचे रेखाटन याच रीतीने केले.

या रीतीची मर्यादाही उघड होती, कारण जे फळ्यापासून दिसत नाही ते कागदावर उतरत नाही. सियाचिनचा वरचा भाग असाच आड राहिला आणि ती हिमनदी नकाशावर दाखवली होती त्याहून उत्तरेकडे बरीच लांब असल्याचे टॉम लाँगस्टाफ १९०९ मध्ये प्रत्यक्ष तिच्यावर पोहोचला तेव्हा उमगले.