खांद्यावरचे थर आणि पाहणाऱ्याच्या अंगावरचा काटा

ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या दहीहंडीला दोन जमाव जमतात. एक थर लावतो, दुसरा मान वर करून पाहतो. वरचा गोविंदा डगमगला की रस्त्यावर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाच्याही पोटऱ्या ताठ होतात आणि श्वास अडतो. थर सावरला की शेकडो खांदे एकदम सैल पडतात. एकाच्या शरीरावर बेतलेले दुसऱ्याच्या शरीराला कसे कळते, या प्रश्नाशी युरोपातले आणि भारतातले विचारवंत फार पूर्वीपासून झगडत आले आहेत. त्यांतल्या काहींनी उदाहरणेही अशीच, उंचावर तोल सांभाळणाऱ्या माणसांची घेतली.

नाका तसा लहानच. तलावपाळी आणि जांभळी नाका जवळ. आसपास पारशांची अग्यारी, बेने इस्रायली समाजाचे 1879 मधले सिनेगॉग आणि अनेक दशके इथे राहिलेले जिल्हा रुग्णालय. उत्सवाचा नाका म्हणून त्याची ओळख झाली ती शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्यामुळे. 1978 मध्ये त्यांनी इथे नवरात्रोत्सव सुरू केला, आणि त्यांची दहीहंडी 'मानाची हंडी' म्हणून प्रसिद्ध झाली. 2001 मध्ये दिघे यांचे निधन झाले, तरी हंडी चालू राहिली. पुढे पाचपाखाडी, वर्तकनगर इथे मोठ्या बक्षिसांच्या हंड्या बांधल्या जाऊ लागल्या आणि ठाणे 'गोविंदांची पंढरी' म्हणवून घेऊ लागले. 10 ऑगस्ट 2012 रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. 13.34 मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याची गिनेस बुकात नोंद झाली. 2025 मध्ये ठाण्यातच दहा थर लागले.

पाहणाऱ्याच्या शरीराची दखल ॲडम स्मिथ यांनी 1759 मधल्या नीतिविषयक ग्रंथाच्या सुरुवातीलाच घेतली आहे. दोरीवर नाचणाऱ्या डोंबाऱ्याकडे पाहताना जमावही आपले अंग वळवतो, तोल सांभाळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे 1873 मध्ये जर्मनीत रोबर्ट फिशर यांनी वस्तूच्या आकारात पाहणाऱ्याने 'शिरण्याची' कल्पना मांडली. टेओडोर लिप्स यांनी ती माणसांना लावली, आणि त्यांचेही उदाहरण कसरतपटूचेच. त्यांच्या मते पाहण्यात रंगलेला प्रेक्षक मनाने त्या कसरतपटूच्या आतच असतो. एडिट श्टाइन यांना हे पटले नाही. 1916 च्या आपल्या प्रबंधात त्यांनी म्हटले की पाहणारा कसरतपटूशी एकरूप होत नाही, तो फक्त त्याच्या सोबत असतो. दुसऱ्याचा अनुभव त्याला उमगतो, पण तो दुसऱ्याचाच अनुभव म्हणून.

मराठीत हाच मुद्दा पाच वर्षांनी साहित्याच्या अंगाने आला. 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण आपले भान सोडत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असण्यातच आनंद आहे, असा तिचा आशय. टेंभी नाक्यावरच्या प्रेक्षकाला लिप्स यांच्यापेक्षा केळकर आणि श्टाइन अधिक लागू पडतात. त्याच्या अंगावर काटा येतो, पण हातातला मोबाइल काही खाली येत नाही.

रोमांचाचा हिशेब नाट्यशास्त्राने फार आधी मांडला होता. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय या आठ सात्त्विक भावांची नोंद म्हणजे मनातल्या गोष्टी शरीरावर कुठे दिसतात याची यादीच. त्याचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी भयानक रसासाठी शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचा दाखला घेतला. त्या भीतीला स्थळकाळाचे आणि 'माझे-तुझे' असे बंधन उरत नाही, म्हणूनच ती चाखता येते. हंडीत मात्र ही अट पुरती पाळली जात नाही. हरीण नाटकातले असते. वरचा गोविंदा खराखुरा पडतो.

थर लावणाऱ्यांचे कळणे वेगळ्या जातीचे असते. खालच्या थरातली माणसे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, तोंडे आत करून उभी असतात. वर काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. ते कळते खांद्यावरच्या पायाच्या थरथरीतून, वाढत्या भारातून आणि गर्दीच्या आवाजातून. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या कातालोनियातल्या मानवी मनोऱ्यांमध्ये याचीच रीतसर व्यवस्था आहे. तिथे ग्राल्या नावाचे सनईसारखे वाद्य वाजते आणि त्याच्या सुरावटीवरून तळातल्यांना मनोरा कुठवर आला ते समजते. डोळ्यांचे काम कान करतात. एका इंद्रियाचे काम दुसऱ्याने करण्याची ही कल्पना मराठीला 1290 पासून ओळखीची आहे: ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात रसाळ बोलांसाठी कानांना जिभा फुटतात आणि इंद्रियांमध्ये भांडण लागते.

प्रत्यक्षात ज्यांची इंद्रिये अशी सरमिसळ करतात, त्यांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. कुणाला अक्षरांना रंग दिसतात, कुणाला सुरांना. याच्या जवळचा एक प्रकार 2005 मध्ये नोंदवला गेला: दुसऱ्याच्या गालाला झालेला स्पर्श पाहून स्वतःच्या गालावर स्पर्श जाणवणे. शंभरात एक-दोन माणसांना असे होते, आणि दोन वर्षांनी झालेल्या अभ्यासात त्यांची समानुभूतीही काही बाबतींत जास्त आढळली. 2005 मध्येच नर्तकांवर झालेल्या एका प्रयोगात, स्वतः शिकलेल्या हालचाली पाहताना त्यांच्या मेंदूतल्या हालचालींशी निगडित भागांनी अधिक प्रतिसाद दिला. यावरून, कधीकाळी थरात उभा राहिलेला माणूस हंडी पाहतो ती इतरांसारखी नसणार, असा अंदाज करता येतो.

वर आलेल्या तत्त्वज्ञांनी पाहणाऱ्याचाच विचार केला. पडणाऱ्याचा विचार न्यायालयाला करावा लागला. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालील मुलांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात काही निर्बंधांना स्थगिती दिली, पण 2016 मध्ये ते कायम ठेवले. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढले. वयाची अट 14 वर्षांवर आली. सुरक्षेच्या दोऱ्या, शिरस्त्राणे आणि गाद्या रूढ झाल्या. 2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि गोविंदांसाठी भरपाईही ठरवली: मृत्यू झाल्यास 10 लाख रुपये, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख.