अँबरजॅकची हौशी मासेमारी : हंगाम आणि पकडीचे नियम

ग्रेटर अँबरजॅक (शास्त्रीय नाव सेरिओला ड्यूमेरिली) हा उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत आढळणारा मोठा शिकारी मासा. कुळ कॅरँजिडी, मराठी खवय्यांच्या ओळखीचा हलवा याच कुळातला. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः मेक्सिकोच्या आखातात, गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांचा हा लाडका मासा आहे आणि तिथल्या सर्वांत कडक नियमांपैकी काही याच्याच वाट्याला आले आहेत. माणशी दिवसाला एक मासा, तोही ठरावीक लांबीहून मोठा, आणि तो ठेवून घ्यायला वर्षातले जेमतेम दोन महिने, असे आखाताच्या फेडरल हद्दीतल्या नियमांचे सध्याचे स्वरूप आहे. १९९० पासून हे नियम टप्प्याटप्प्याने आवळले गेले, तरी आखातातला साठा सावरलेला नाही.

अँबरजॅकची ओढ दांडगी. गळाला लागल्यावर तो खडकाच्या दिशेने खाली मुसंडी मारतो. या हट्टीपणामुळे आखातातले मच्छीमार त्याला थट्टेने ‘रीफ डाँकी’, म्हणजे खडकातले गाढव, म्हणतात. जागतिक विक्रमी नोंद २०१५ साली जपानमध्ये पकडलेल्या सुमारे ७४ किलो वजनाच्या माशाची आहे. पिले तरंगत्या सारगॅसम शेवाळाच्या आश्रयाने वाढतात. मोठे मासे प्रवाळखडक, बुडालेली जहाजे आणि तेलविहिरींचे मनोरे यांच्याभोवती थवा करून राहतात. ही सवयच त्यांना महागात पडते, कारण असे मनोरे व जहाजांचे सांगाडे नकाशावर नोंदलेले असतात आणि जीपीएसच्या मदतीने कोणतीही बोट नेमकी त्यांच्यावर जाऊन थांबू शकते. एक मासा गळाला लागला की थव्यातले बाकीचेही पुष्कळदा त्याच्यामागे वर येतात. आखातात विणीचा भर वसंत ऋतूत, मार्च-एप्रिलच्या आसपास असतो. मादी नरापेक्षा मोठी होते. नियमांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची, कारण ‘मोठाच मासा ठेवा’ म्हटले की घरी जाणाऱ्या माशांत माद्यांचे प्रमाण आपोआप वाढते.

व्यवस्थापनासाठी अमेरिकेत या माशाचे दोन साठे मानले जातात : मेक्सिकोच्या आखाताचा आणि दक्षिण अटलांटिकचा. दोहोंची सीमा फ्लोरिडा कीज बेटांपाशी आहे. १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याने स्थापन झालेल्या प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन परिषदा नियमांचा मसुदा करतात, आणि वाणिज्यमंत्र्यांच्या वतीने राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा तो तपासून लागू करते. आखाताच्या परिषदेत मताधिकार असलेले १७ सदस्य असतात. त्यांत राज्यांचे अधिकारी असतात, तसेच हौशी, भाड्याच्या बोटींचे आणि व्यावसायिक मासेमारीचे प्रतिनिधीही. त्यामुळे हंगामाचा प्रश्न निव्वळ जीवशास्त्राचा कधीच राहत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर राज्यांची सत्ता चालते. आखातात खडकाळ भागातल्या माशांच्या बाबतीत ही हद्द ९ सागरी मैलांपर्यंत धरली जाते, तर फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला ती ३ मैल आहे. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत फेडरल हद्द. फेडरल परवाना असलेल्या भाड्याच्या बोटीला मात्र राज्याच्या पाण्यात असतानाही, दोन नियमांपैकी जो कडक तो पाळावा लागतो.

आखातात पहिले ठोस निर्बंध १९९० साली आले. हौशी मच्छीमारासाठी किमान लांबी २८ इंच (सुमारे ७१ सेंमी) आणि दिवसाला ३ मासे, व्यावसायिकासाठी किमान ३६ इंच. १९९७ मध्ये तीनाचा एक झाला. रोजच्या संख्येवरची मर्यादा याहून खाली नेणे म्हणजे मासेमारी बंदच करणे. त्यामुळे पुढच्या सगळ्या काटछाटीला लांबी आणि दिनदर्शिका हेच मुख्य मार्ग उरले. २००१ मध्ये साठा अधिकृतपणे अतिशोषित ठरवण्यात आला आणि २०१२ पर्यंत तो पूर्ववत करण्याची योजना आखली गेली. २००८ मध्ये किमान लांबी ३० इंच झाली, आणि भाड्याच्या बोटीवरच्या कप्तानाने व खलाशांनी स्वतःच्या वाट्याचा मासा ठेवण्यावर बंदी आली. २०११ पासून जून-जुलै बंद ठेवण्यात आले. २०१२ उलटले, साठा सावरला नाही.

२०१६ च्या आरंभी किमान लांबी ३० वरून ३४ इंचांवर (सुमारे ८६ सेंमी) नेण्यात आली. गेल्या काही दशकांतला सर्वांत समंजस बदल बहुधा हाच. तीस इंचांच्या बहुतेक माद्या एकदाही व्यालेल्या नसतात, चौतीस इंचांपर्यंत बहुसंख्य माद्या वयात आलेल्या असतात. जुन्या मापामुळे, विण्याआधीच मासा घरी नेण्याला कायद्याचीच मुभा होती. नव्या मापाची किंमतही आहे. लहान म्हणून सोडून दिलेल्या माशांची संख्या वाढते आणि त्यांतले काही सोडल्यावर मरतात.

हंगाम कसा ठरतो हे समजण्यासाठी एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. शास्त्रीय समिती वर्षाची सुरक्षित पकड वजनात सांगते. त्यातून हौशी मासेमारीचा वाटा काढतात, अंदाज चुकण्याची सोय म्हणून त्यातही थोडी कपात करून लक्ष्य ठरवतात, आणि रोजच्या सरासरी पकडीने त्या लक्ष्याला भागले की साधारण किती दिवस मिळतील ते कळते. लक्ष्य गाठले जाईल असे दिसताच हंगाम मुदतीआधी बंद करता येतो. साठा अतिशोषित असेतोवर मर्यादेपुढची पकड पुढच्या वर्षाच्या वाट्यातून वळती होते. एखाद्या वर्षी समुद्र शांत राहिला आणि बोटी जास्त निघाल्या, तर त्याचा भुर्दंड पुढच्या वर्षी भरावा लागतो.

२०१७ मध्ये या व्यवस्थेतली अडचण उघडी पडली. त्या वेळी मासेमारीचे वर्ष १ जानेवारीला सुरू होई. वाटा इतक्या लवकर संपला की मार्चअखेरीसच हंगाम बंद करावा लागला आणि उन्हाळी पर्यटकांवर पोट असलेल्या बंदरांना त्या वर्षी अँबरजॅक मिळालाच नाही. उपाय म्हणून २०१८ मध्ये वर्षाची सुरुवातच १ ऑगस्टवर नेली. ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि नंतर मे महिना, असे दोन तुकडे ठरले. शरद ऋतूला पहिला हक्क मिळाला, विणीचे महिने बंद राहिले आणि उरलेला वाटा मे महिन्याला गेला. या मांडणीमागे रेड स्नॅपरचाही विचार होता. आपल्याकडच्या तांबोशीच्या या अमेरिकी भाऊबंदाचा हंगाम मुख्यतः जून-जुलैत असतो. तो बंद असताना भाड्याच्या बोटींना गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरा मोठा मासा हवा असतो. डेस्टिन, ऑरेंज बीच यांसारख्या बंदरांचा शरद ऋतूतला धंदा बऱ्याच अंशी यावर चालतो.

२०२०-२१ मध्ये झालेल्या मूल्यांकनाने साठा अजूनही अतिशोषित असल्याचे, शिवाय अतिमासेमारी चालूच असल्याचे दाखवले. त्यानंतर आखाताच्या मत्स्यव्यवस्थापन आराखड्याच्या, २०२३ मध्ये लागू झालेल्या ५४ व्या दुरुस्तीने मोठीच कुऱ्हाड चालवली. एकूण वार्षिक मर्यादा सुमारे १८ लाख पौंडांवरून ५,०५,००० पौंडांवर (सुमारे २२९ टन) आली. त्यातला हौशी मासेमारीचा वाटा ७३ टक्क्यांवरून ८० टक्के झाला. म्हणजे ४,०४,००० पौंड, आणि कपात करून लक्ष्य ३,३५,३२० पौंड. वाटा वाढूनही पदरात कमीच पडले. ऑगस्ट आणि मे दोन्ही गळाले आणि १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर एवढाच हंगाम राहिला. साठा पूर्ववत करण्याची मुदत २०२७ आहे.

हौशी वाटा वाढल्याचे कारण कोणावर मेहेरबानी हे नव्हते, ते मोजणीच्या पद्धतीत होते. हौशी मच्छीमार आपला मासा बाजारात नेत नाही, त्यामुळे त्याच्या पकडीची पावती कुठेच फाटत नाही. ती सर्वेक्षणातून अंदाजावी लागते. २०१८ मध्ये फेडरल सर्वेक्षणाने किनारी घरांना फोन करणे सोडून टपालाने प्रश्नावली पाठवायला सुरुवात केली. नव्या पद्धतीने मासेमारीच्या फेऱ्या पूर्वीच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या आणि जुन्या वर्षांचे आकडेही वर सुधारावे लागले. हौशी लोक आधीपासूनच जास्त मासा नेत होते असे त्यातून दिसले, आणि वाटणी त्या हिशेबाने बदलली. म्हणूनच २०२३ च्या आधीच्या व नंतरच्या मर्यादांची थेट तुलना फसवी ठरते, कारण दोन्ही आकड्यांमागची मापे निराळी आहेत. फेडरल अंदाजांवर भिस्त ठेवायला नको म्हणून राज्यांनी स्वतःच्या मोजण्या उभ्या केल्या आहेत. लुइझियानात ‘एलए क्रील’, अलाबामात पकड कळवणे सक्तीचे करणारे ‘स्नॅपर चेक’, तर फ्लोरिडात खासगी बोटीतून खडकातले मासे पकडणाऱ्यांची विनामूल्य नोंदणी. भाड्याच्या बोटींसाठी आणलेली इलेक्ट्रॉनिक नोंदीची आणि स्थाननिरीक्षणाची योजना मात्र २०२३ मध्ये पाचव्या फेडरल अपील न्यायालयाने रद्द ठरवली.

बोटीवर मासा मोजण्याची रीत ठरलेली आहे. मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत मोजायचे, शेपटीच्या टोकापर्यंत नव्हे. किनाऱ्यावर आणेपर्यंत डोके आणि पर शाबूत ठेवावे लागतात, एरवी ना लांबी पडताळता येईल ना जात. जातीचा घोळ खरोखरच मोठा आहे. लेसर अँबरजॅक आणि बँडेड रडरफिश हे याचे सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे दिसतात. पूर्वी कोवळे ग्रेटर अँबरजॅक त्यांच्या नावावर खपवले जात. आता त्या दोन जातींना आखातात खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत. १४ ते २२ इंचांमधलाच मासा ठेवता येतो, आणि दोन्ही मिळून माणशी पाच. त्यामुळे २२ ते ३४ इंचांमधला मासा, या तिन्हींपैकी कोणतेही नाव सांगितले तरी, बेकायदाच ठरतो. अल्माको जॅक हा चौथा नातेवाईक निराळ्या नियमांखाली येतो.

गळाचेही नियम आहेत. २००८ पासून आखाताच्या फेडरल हद्दीत नैसर्गिक आमिष वापरताना गोल वळणाचा, गंज चढू शकेल असा गळ सक्तीचा आहे. तो बहुधा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. गळ सोडवण्याचे साधनही सोबत हवे. खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या माशाच्या शरीरातली हवा फुगते आणि तो खाली जाऊ शकत नाही. त्यासाठी हवा काढण्याची सुई किंवा माशाला वजनाने पुन्हा तळाशी नेणारे साधन बोटीवर वापरण्यास तयार ठेवण्याची सक्ती जानेवारी २०२२ मध्ये एका स्वतंत्र कायद्याने ठरावीक मुदतीसाठी सुरू झाली. बंद हंगामात अँबरजॅक पकडून सोडण्यावर बंदी नसते. रेड स्नॅपरसाठी टाकलेल्या गळालाही तो लागतोच. त्यामुळे दहा महिने बंद असलेल्या हंगामातही काही मासे मरतात आणि मूल्यांकनात त्यांचा हिशेब धरावा लागतो.

दक्षिण अटलांटिकचे चित्र बरेच मवाळ आहे. तिथला साठा अतिशोषित मानला जात नाही. हौशी मच्छीमारासाठी किमान लांबी २८ इंच, दिवसाला एक मासा, आणि मासेमारीचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी. एप्रिल हा विणीचा महिना असल्याने त्या काळात विक्रीवर निर्बंध घातले गेले, हौशी पकडीची दारे मात्र बंद झाली नाहीत. फ्लोरिडाच्या एकाच टोकाला दोन बाजूंनी बोट काढणाऱ्या माणसाला त्यामुळे लांबी आणि तारखा असे दोन्ही निराळे नियम लागतात. टेक्सासने आपल्या हद्दीत आणखी वेगळी वाट धरली आहे. तिथे माप बेचक्यापर्यंत न घेता शेपटीच्या टोकापर्यंत घेतात आणि किमान ३८ इंच मागतात.

आखातात नेमके किती अँबरजॅक आहेत याविषयी मच्छीमार आणि शास्त्रज्ञ यांच्यात जुना वाद आहे. मनोऱ्यांभोवती थवेच्या थवे पाहणाऱ्या कप्तानाला ‘साठा खालावला’ हे पटत नाही, तर उरलेले मासे थोड्याच जागी गोळा होत असल्याने ते मुबलक भासतात, असे शास्त्रज्ञ म्हणतात. हा वाद मिटावा म्हणून अमेरिकी काँग्रेसने स्वतंत्र गणनेसाठी निधी दिला. दक्षिण अलाबामा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी आखात व दक्षिण अटलांटिक या दोन्ही भागांत कॅमेरे, ध्वनिलहरी आणि खुणेच्या चिठ्ठ्या वापरून हे काम हाती घेतले.