रिकॉइल पॅड (बंदुकीच्या दस्त्याची गादी)

रिकॉइल पॅड : लांब नळीच्या बंदुकीच्या दस्त्याला खांद्याकडच्या टोकाशी बसवलेली रबराची, फोमची किंवा कातड्याने मढवलेली गादी. बार उडताना बंदूक मागे येते. तो धक्का खांद्याच्या मोठ्या भागावर पसरवणे आणि किंचित लांबवणे हे गादीचे काम. गादी घेताना बहुतेकांचे लक्ष रबराच्या मऊपणाकडे जाते, पण पाहायचे ते आधी दस्त्याचे माप. माप चुकले तर उत्तम गादीही खांदा वाचवत नाही.

असा धक्का सगळ्याच शस्त्रांना नसतो. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत भिल्ल-पावरा समाजाचे जुने शस्त्र तीरकामठा. त्याचा ताण हातांवर आणि पाठीवर येतो, खांद्याला मार बसत नाही. परवान्याच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे १३ वे कलम दोन प्रकारांचा स्वतंत्र उल्लेख करते : संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. (पीकरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मोकळीक नव्हे, त्यासाठी वन्यजीव कायद्याखालची वेगळी परवानगी लागते.) ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूचा धक्का बहुधा ढकलल्यासारखा येतो. काडतुसाचा धक्का मात्र टोचतो.

बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसातून सुमारे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३५० ते ४०० मीटर वेगाने निघतात. सव्वातीन किलोच्या बंदुकीला त्यामुळे साधारण ३० जूल ऊर्जा मागे मिळते. पावणेतीन किलोच्या हलक्या एकनळीत तीच ३५ जुलांवर जाते. म्हणून गादीची गरज सर्वांत जास्त असते ती स्वस्त, हलक्या एकनळीला, आणि नेमक्या त्याच बंदुकीला बहुधा कडक प्लास्टिकचा किंवा लोखंडी पत्रा लावलेला असतो. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि बार भलतीकडे जातो. ज्या शेताच्या पलीकडच्या बांधावर माणसे असू शकतात, तिथे हा निव्वळ आरामाचा प्रश्न राहत नाही.

मापाचे महत्त्व जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीवरून कळते. तिच्या दस्त्याला गादी नव्हतीच, पितळी पत्रा होता. धक्का सोसवायचा तो तिच्या जवळपास चार किलो वजनामुळे आणि शिपायाच्या बांध्याप्रमाणे आखूड, मध्यम वा लांब दस्ता देण्याच्या पद्धतीमुळे.

चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर हे मूळ माप. बाजारातल्या बारा बोअर बंदुकीत ते साडेचौदा इंचांच्या आसपास असते. मध्यम उंचीच्या माणसाला ते अनेकदा लांब पडते. जुन्या पत्र्यावरच इंचभर जाडीची गादी चढवली तर बंदूक आणखी लांब होते, खांद्याला लावताना बगलेत अडकते आणि दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो. तिथला मार सर्वांत वाईट. म्हणून आधी नेहमीच्या कपड्यांत बंदूक खांद्याला लावून हवे ते माप ठरवावे, त्यातून गादीची जाडी वजा करावी आणि मग लाकूड कापावे. कापताना टोकाचा मूळ कलही सांभाळावा लागतो. तो बिघडला तर गादीचे खालचे टोक छातीत रुतते किंवा दस्ता वर सरकून गालाला लागतो.

सागाचा किंवा शिसवीचा दस्ता आडव्या छेदावर चिरतो. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडणे आवश्यक. गादी दस्त्यापेक्षा थोडी मोठी घेऊन जागेवर घासून आकाराला आणतात. लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेला चिकटपट्टी लावतात. वरची कड गोल केली की ती सदऱ्यात अडकत नाही. कापलेले लाकूड जवसाच्या तेलाने किंवा वार्निशने बंद केले नाही, तर सातपुड्याच्या पावसाळ्यात ते फुगते आणि गादी व लाकूड यांच्यात फट पडते. बंदुकांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. मोज्यासारखी वरून चढवायची गादी घरी बसवता येते. ठासणीच्या जुन्या बंदुकीचा आत वळलेला पितळी पत्रा कापून सपाट करणे मला गैर वाटते. तिला वरून चढवायची कातडी गादीच योग्य.

खेळातल्या रायफलींचे गणित निराळे. कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत (५० मीटर प्रोन म्हणजे पालथे पडून नेमबाजीत विश्वविजेती, २०१०) आणि स्वप्निल कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, २०२४) यांच्या प्रकारातील रायफलींना मागे हलवता येणारा आकडा (हुक) असतो. तो रिकॉइल पॅड नव्हे. पॉइंट टू टू रायफलीचा धक्का नगण्य असतो. तो आकडा फक्त दस्ता दर वेळी त्याच जागी बसावा यासाठी.

नळीला लावायचे तेल आणि खानदेशचा उन्हाळा, दोन्ही रबराचे वैरी. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली तर गादी एका बाजूने दबते. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की गादी अंगठ्याने दाबून पाहावी : चिकट लागली, चिरली किंवा दाबूनही उसळली नाही, तर ती बदलायला झाली.