डेन्डी नावाचं सेटिंग

गेले पंधरा-वीस दिवस रात्रीची जेवणं आटोपली की एक नवा उद्योग चालू आहे. तळहातावर मावेल असं एक स्वस्तातलं चिनी हँडहेल्ड घेतलंय. आत लिनक्स, त्यावर रेट्रोआर्क, आणि त्यात आपल्या लहानपणचे व्हिडिओ गेम्स! सौ.चं म्हणणं, या वयात हे काय? असो.

लावायला सोपं आहे. मेमरी कार्डावर फोल्डर करा, रॉमच्या फाइली टाका, कोणत्या मशिनची नक्कल हवी तो 'कोअर' निवडा. (प्लेस्टेशनच्या बऱ्याच कोअर्सना वेगळी बायॉस फाइल लागते, आपल्या कॅसेटवाल्या गेम्सना ती भानगड नाही.) अर्ध्या तासात काँट्रा सुरू झाला. पण हाताला जमेना. उडी लवकर संपते, गोळ्या भसाभस अंगावर येतात, गाणंसुद्धा घाईत वाजतंय. मग मेनू चाळताना 'रीजन' सापडलं. पर्याय होते एनटीएससी, पॅल आणि... डेन्डी. डेन्डी निवडलं आणि अंगठ्यांना एकदम ओळख पटली. हाच तो आपला काँट्रा!

आता ही डेन्डी कोण?

निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर जपानात १५ जुलै १९८३ला आला. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, आणि जपानी टीव्हीला धरून तो सेकंदाला ६० चित्रं काढायचा, प्रत्येक चित्राला २६२ ओळी. आपला टीव्ही मात्र पॅल, म्हणजे ५० चित्रं, ३१२ ओळी. युरोपातही पॅलच. तिथल्यासाठी निन्टेन्डोने प्रोसेसरचाच वेग १.६६ वर आणला. त्यामुळे मूळ गेम तसाच लावला तर संथ चालायचा आणि गाण्याचा सूरही खाली उतरायचा.

तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप्स वापरून जी नकली मशिनं निघाली, त्यांत वेगळीच शक्कल होती. प्रोसेसर जवळजवळ जपानी वेगाचाच ठेवला, १.७७. चित्र काढून झालं की चित्राची चिप जास्तीच्या ५० ओळींइतका वेळ नुसती थांबते, आणि मगच गेमला पुढच्या फ्रेमचा इशारा देते. त्यामुळे जपानी कॅसेट बहुतेक वेळा बिनतक्रार चालायची. सूर बरोबर, फक्त सगळं एक षष्ठांश हळू. मला तर हे निन्टेन्डोच्या युरोपी मशिनपेक्षा हुशारीचं काम वाटतं. नक्कल करणाऱ्याला मूळ मशिन किती बारकाईने वाचावं लागलं असेल!

१९९६ साली मारात फैझुलिनचा आयनेस हा एम्युलेटर आला, १९९७ला नेस्टिकल. आयनेसने रॉमच्या फाइलीला १६ बाइटांचं एक मथळ्याचं पान दिलं, ते आजही चालतं. पुढे त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात गेमने कोणत्या वेगाने चालावं याचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे अमेरिका-जपान, १ म्हणजे पॅल, २ म्हणजे दोन्हीकडे चालणारा. आणि ३ म्हणजे डेन्डी! नकलेला कागदोपत्री स्वतःचा नंबर मिळालाय.

डेन्डी हे नाव रशियातलं. स्टिप्लर नावाच्या कंपनीने १९९२च्या डिसेंबरात ही नकली मशिनं तिथे विकायला काढली. त्या पिढीने ती इतकी लाडाने आठवणीत ठेवली की असल्या सगळ्या मशिनांच्या वेगाला तेच नाव पडलं.

आणि आपण? नव्वदीत पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ही मशिनं होती, '९९९९ इन १'च्या कॅसेटी होत्या (त्यात खरे गेम मोजकेच, बाकी तेच गेम पुढच्या लेव्हलपासून). बंदूक घेऊन बदकं मारलेली माणसं आज चाळिशीत आहेत. पण त्या मेनूत आपलं नाव नाही. आपल्याकडे अस्सल विरुद्ध नकली हा वाद घालायलाही जागा नव्हती, बहुतेक घरांत अस्सल मशिन आलंच नाही. आपलं अस्सल म्हणजे तीच नक्कल.

२०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी करून सांगितलं की अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ज्या देशात यादी आहे तिथली ही गत. आपल्याकडच्या कॅसेटींची यादीच कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून मंडळी, कुणाच्या माळ्यावर तो डबा अजून असेल तर फेकू नका. उघडलात तर बहुतेक चिपवर डांबरासारखा काळा थेंब ओतलेला दिसेल, म्हणजे तिचा नंबर काही मिळायचा नाही. पण झाकणावरचं नाव, मागच्या स्टिकरवरचा मजकूर, कोणत्या साली कुठून घेतला, केवढ्याला, एवढं कागदावर लिहा आणि फोटोसकट मला पाठवा. नाशिकच्या मामांनो, तुमच्याकडे दोन होते, मला पक्कं आठवतंय.