कंटाळा येऊ द्यावा

परवाची गोष्ट. संध्याकाळी पावसाने जोर धरला आणि आमच्या मांजर्लीतले दिवे गेले. बदलापूरकरांना यात नवल नाही. पण त्या दिवशी माझ्या मोबाइलची बॅटरीही संपलेली होती आणि नातवाच्याही. पंधरा मिनिटे त्याने कशीबशी काढली, मग म्हणाला, "आबा, खूप बोअर होतंय." मी म्हणालो, "होऊ दे थोडं." म्हणायला म्हणालो खरा, पण चुळबुळ माझीही चालली होती. निवृत्त माणसाला वेळ खायला उठतो. दोन वर्षांपूर्वी आमची ही गेली, तेव्हापासून संध्याकाळचा सगळा वेळ मी मोबाइलच्या हवाली केला आहे.

अंधारात बसल्या बसल्या साने गुरुजी आठवले. शिक्षकाला शिक्षकच आठवायचा!

गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. शाळा, वसतिगृह, मुलांसाठी चालवलेले हस्तलिखित दैनिक, यात दिवस कधी उगवे आणि कधी मावळे, ते कळत नसावे. 1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. 1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबाही तिथेच. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' तयार झाली. बाहेर असते, तर या दोघांना सलग अठरा रविवार एका जागी कोणी बसू दिले असते?

पुढे गुरुजी नाशिकच्या तुरुंगात गेले. तिथे फेब्रुवारी 1933 मध्ये 'श्यामची आई'ची बहुतेक प्रकरणे त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. त्यांची आई 1917 साली गेली होती. म्हणजे मध्ये पंधरा वर्षे लोटली. आठवणी काही तुरुंगात नव्याने तयार झाल्या नाहीत. त्या आत होत्याच, फक्त त्यांना वर यायला वाव नव्हता.

लोकमान्यांचेही तसेच. गीतेचा विषय त्यांच्या मनात कित्येक वर्षे घोळत होता, पण केसरी आणि चळवळ यांतून उसंत कुठली? मंडालेच्या तुरुंगात, सोबतीला जेमतेम एक स्वयंपाकी कैदी असताना, 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा मसुदा पेन्सिलीने लिहून झाला.

यावर कोणी म्हणेल, मग काय, तुरुंग चांगला म्हणायचा? मुळीच नाही. त्याच मंडालेत असताना 1912 साली टिळकांना पत्नीच्या निधनाची बातमी ऐकावी लागली. आणि त्या काळच्या तुरुंगांत असंख्य साधे कैदीही होते. एकसुरी दिवसांनी त्यांतले किती खचले असतील! लादलेला एकांत ही शिक्षाच असते. मला एवढेच म्हणायचे आहे की कंटाळा स्वतः काही देत नाही. पावसाळ्यात घागरीतले गढूळ पाणी हलवायचे थांबवले की गाळ खाली बसतो, तेवढेच त्याचे काम. पाणी आपले आपल्यालाच भरावे लागते.

बरे, यासाठी टिळक किंवा साने गुरुजीच असावे लागते असेही नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी हे शतकानुशतके केले आहे. पहाटे उठून तास-दोन तास जाते ओढायचे. तोच खुंटा, तीच घरघर, रोज. हात गुंतलेले आणि मन मोकळे. त्या मोकळ्या मनातून ओव्या आल्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, सगळे त्यांत आले. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन'मध्ये छापल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणीही घरातली आणि शेतातली कामे करता करताच सुचली. 1952 साली, त्या गेल्यानंतर, ती छापली गेली. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. पण ओवी मात्र जात्याबरोबर बंद पडली.

तर त्या अंधारात असे एकातून एक निघत गेले आणि एकदम आमच्या गावच्या घरातले जाते डोळ्यांपुढे उभे राहिले. पहाटे मी गोधडीत आणि ओटीवर आई दळते आहे. तिच्या एका ओवीची चाल कानात आली. शब्द अर्धेच आठवले. गेल्या चाळीस वर्षांत ती ओवी मला एकदाही आठवली नव्हती. नातवाला म्हणून दाखवली. त्याने विचारले, "पुढे काय?" पुढचे मला येत नव्हते. आईला विचारायचे राहून गेले.

आणखी एक आठवण त्याच रात्री आली, ती मात्र सुखाची नाही. सातवीच्या वर्गात एक मुलगा सतत खिडकीबाहेर बघत बसायचा. मी त्याला कितीदा उभे केले, अंगठे धरायला लावले. ऑफ तासाला मुले नुसती बसलेली दिसली की मी लगेच पाढे लिहायला द्यायचो. रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी माझी पक्की समजूत होती. त्या मुलाला बाहेर काय दिसते आहे, हे मी एकदाही विचारले नाही.

असो. आता मी रोज दिवेलागणीला मोबाइल आतल्या खोलीत ठेवून अर्धा तास गॅलरीत नुसता बसतो. पहिली दहा मिनिटे फार जड जातात, आणि हिची आठवण येते ती याच वेळात. ती टाळण्यासाठीच मी मोबाइल धरून बसत होतो, हेही आता कळले. नातू मध्येच येऊन बसतो, कंटाळतो, उठून जातो. काल मात्र तो बराच वेळ बसला होता. काय बघतोस, एवढेच विचारले.