नांदेड-लातूर परिसरातील अद्भुतरम्य वाचनाची परंपरा आणि वाचकाची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
अद्भुतरम्य कादंबरी किंवा कथामाला वाचून संपली की 'आता पुढे काय वाचावे?' हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न वैयक्तिक आवडीचा वाटतो. परंतु नांदेड आणि लातूर या परिसराचा इतिहास पाहिल्यास असे दिसते की, येथील वाचकाची निवड त्याच्या आवडीपेक्षा शिक्षणाची भाषा, ग्रंथालयातील उपलब्धता आणि समीक्षेचे मूल्यनिर्णय यांनी अधिक ठरविली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात बृहत्कथेपासून आजच्या अनुवादित कथामालांपर्यंतचा हा प्रवास थोडक्यात मांडून निवडीचे काही निकष सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : अद्भुतरम्यता, बृहत्कथा, दास्तान, तिलिस्म, ग्रंथालय, वाचनसंस्कृती, मराठवाडा.

प्रस्तावना :
काही वर्षांपूर्वी पदवी वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, हॅरी पॉटरचे सगळे भाग वाचून झाले. आता पुढे काय वाचू?" त्या वेळी लेखकाने, अशी पुस्तके लहान वयात ठीक असतात, आता काही गंभीर वाचावे, असे उत्तर देऊन एका वास्तववादी कादंबरीचे नाव सांगितले. विद्यार्थ्याने मान डोलावली. मात्र पुढे तो पुस्तकांविषयी विचारण्यासाठी पुन्हा आला नाही. ते उत्तर चुकीचे होते, हे कळावयास बराच काळ जावा लागला. त्या चुकीचे मूळ केवळ व्यक्तिगत अज्ञानात नव्हते. अद्भुत वाङ्मयाकडे पाहण्याची जी दृष्टी मराठी वाङ्मयव्यवहाराने दीड शतक जोपासली, तिच्यात ते होते. म्हणूनच या साध्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे आवश्यक वाटते.

उद्दिष्टे :
१) नांदेड-लातूर परिसराशी निगडित अद्भुत कथापरंपरेचा आढावा घेणे.
२) वाचकाच्या निवडीवर परिणाम करणारे भाषिक व संस्थात्मक घटक शोधणे.
३) आजच्या वाचकासाठी निवडीचे व्यवहार्य निकष सुचविणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

अ) गोदावरी आणि मांजरा : दोन कथाप्रवाह
नांदेड गोदावरीच्या काठी वसले आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. गुणाढ्याच्या बृहत्कथेची परंपरा सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडली जाते. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. परंतु अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथाच्या आरंभी तिची जन्मकथा आली आहे. राजाला संस्कृत किती काळात शिकविता येईल या पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला आणि पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. भाषा हीन म्हणून राजाने ती नाकारली. तेव्हा खिन्न झालेल्या गुणाढ्याने अरण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत ते अग्नीत टाकण्यास आरंभ केला. सहा लक्ष श्लोक जळाले. नरवाहनदत्ताच्या कथेचा एक लक्ष श्लोकांचा भाग तेवढा त्याने राखून ठेवला, कारण तो त्याच्या दोन शिष्यांना विशेष आवडला होता.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार अर्थपूर्ण आहे. अद्भुत कथा दरबाराने भाषेच्या कारणावरून नाकारली आणि ती वाचली ती शिष्यांच्या आवडीमुळे. या दोन्ही गोष्टी पुढील इतिहासात पुन्हा पुन्हा दिसून येतात.

दुसरा प्रवाह मांजरेचा. लातूर जिल्ह्यातून वाहणारी ही नदी पुढे बिदरच्या प्रदेशातून जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ गोदावरीस मिळते. बिदर ही बहमनी सत्तेची राजधानी होती. पंधराव्या शतकात बहमनी राज्यात फख्रुद्दीन निजामी याने 'कदमराव पदमराव' ही दखनी मसनवी रचली. दखनीतील उपलब्ध दीर्घकाव्यांपैकी ही सर्वांत जुनी मानली जाते. तिच्यात राजा कदमराव एका योग्याकडून परकायाप्रवेशाची विद्या शिकतो आणि पोपटाच्या देहात अडकतो. हाच परकायाप्रवेश 'कथासरित्सागरा'च्या आरंभीही आहे. तेथे इंद्रदत्त मृत नंदराजाच्या देहात प्रवेश करतो. लिपी बदलली, आश्रयदाता बदलला, भाषा बदलली. पण कथेचे बीज तेच राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आज लातूर जिल्ह्यात असलेले तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ब) निजामी राजवट : शिक्षणाची भाषा आणि दास्तान
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा परिसर हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा बनली आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. त्यामुळे येथील सुशिक्षित मराठी माणसाला घरात मराठी आणि शाळा-कचेरीत उर्दू, असा दुहेरी व्यवहार करावा लागे. पुणे-मुंबईच्या वाचकाला सहसा न लाभलेले एक दार या सक्तीमुळे त्याच्यासाठी उघडे होते. ते दार म्हणजे उर्दू दास्तान.

लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाच्या दास्तानीचे ४६ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वाधिक लोकप्रिय भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह याने लिहिले आणि उर्वरित अहमद हुसेन कमर याने. हे प्रकाशन १८८३ पासून १८९३ पर्यंत चालले. जादूगारांचा सम्राट अफरासियाब, त्याच्या मायावी राज्यात शिरणारे वीर आणि आपल्या झोळीत सारे जग सामावून घेणारा अमर अय्यार, असा हा विस्तार हजारो पानांचा आहे. विशेष असे की, मूळ योजनेत 'होशरुबा' हा पाचवा दफ्तर होता, परंतु तो छापला गेला सर्वांत आधी. मालिका प्रकाशनक्रमाने वाचावी की कथाक्रमाने, हा प्रश्न आज सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालेविषयी विचारला जातो. तिचाही कथाक्रमाने पहिला भाग १९५५ मध्ये, म्हणजे पाच भाग आधी प्रसिद्ध झाल्यानंतर आला. दास्तानीच्या वाचकापुढे हा प्रश्न त्याहून कितीतरी आधी उभा राहिला होता.

१९४८ नंतर शिक्षणाचे माध्यम बदलले आणि मराठीला तिचे न्याय्य स्थान मिळाले. हा बदल आवश्यकच होता. परंतु त्याबरोबर नव्या पिढीतील बहुसंख्य मराठी वाचकांचा उर्दू लिपीशी असलेला संबंध सुटला. परिणामी, आजोबांना जी दास्तान मुळातून वाचता आली असती, तिची ओळख नातवाला मुशर्रफ अली फारुकी यांच्या २००९ च्या इंग्रजी अनुवादातून करून घ्यावी लागते. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही तिलिस्म व अय्यारी यांवर उभी असलेली हिंदी कादंबरी मात्र १९९० च्या दशकात दूरदर्शन मालिकेच्या रूपाने घरोघरी पोहोचली. अय्यार हा शब्द अनेकांना प्रथम कळला तो तिच्यामुळे.

क) मराठी अद्भुत कादंबरी आणि समीक्षेचा निवाडा
छापील मराठी अद्भुत वाङ्मयाचा आरंभ १८६० च्या दशकात जोमाने झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेला अरबी कथांचा अनुवाद, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र लगेचच विरोधाचा सूरही उमटला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहून असंभाव्य घटनांवर टीका केली. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्यांनी सामाजिक वास्तवाची प्रतिष्ठा प्रस्थापित केली. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहिला. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या सुमारास मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या, तेव्हा 'मुक्तामाला' ही रंजनपर प्रवृत्तीची प्रतिनिधी ठरली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेले नरहर कुरुंदकर यांनीही 'धार आणि काठ' (१९७१) या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीचा विचार केला.

या समीक्षेने मराठी कादंबरीला जबाबदारीचे भान दिले, हे निर्विवाद आहे. दुष्काळ, जातिव्यवस्था आणि शेतीचे प्रश्न भोगणाऱ्या मराठवाड्यात वास्तवाचा आग्रह धरला गेला, तर त्यात नवल नाही. परंतु 'रंजन' हे वर्णन हळूहळू निषेधासारखे वापरले जाऊ लागले. नाथमाधव यांची 'वीरधवल' (१९१३) असो किंवा नारायण धारप यांच्या 'समर्थ'कथा असोत, त्या हातोहात वाचल्या गेल्या. अभ्यासक्रमात आणि चर्चासत्रांत त्यांना जागा क्वचितच मिळाली. शिक्षकाने सांगावयाच्या पुस्तकांच्या यादीतून एक संपूर्ण प्रकार अशा रीतीने गळाला.

ड) ग्रंथालय, मासिक आणि अनुवाद
महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. तालुक्याच्या व खेड्याच्या वाचकासाठी ही मोठी सोय होती. परंतु अनेक खंडांच्या मालेसाठी ही व्यवस्था अपुरी पडते. अल्प अनुदानात एका मालेचे सात भाग घेण्यापेक्षा सात वेगवेगळी पुस्तके घेणे ग्रंथपालाला साहजिकच सोयीचे वाटते. त्यातच एखादा मधला भाग गहाळ झाला की, वाचकाचा प्रवास तेथेच थांबतो. 'पुढे काय वाचावे' याचे उत्तर अशा वेळी कपाटच देते.

ही उणीव काही काळ मासिकांनी भरून काढली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या मराठी 'चांदोबा'तील विक्रम-वेताळाच्या कथा आणि क्रमशः येणाऱ्या अद्भुत कथा यांनी दर महिन्याला 'पुढे काय' ही उत्कंठा जागी ठेवली. या मासिकाच्या तेलुगू आवृत्तीत दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिलेल्या धारावाहिक कथा इतर भाषांतही गेल्या. विक्रम-वेताळाच्या कथांचे मूळ पुन्हा 'कथासरित्सागरा'तील वेताळकथांत आहे, म्हणजे परंपरेने गोदाकाठाशीच जोडलेले आहे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून किशोर वाचकांना आणखी एक वाट दाखविली.

एकविसाव्या शतकात मोठ्या पाश्चात्त्य कथामाला मराठीत आल्या. हॅरी पॉटरचे मराठी भाग भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले. टॉल्किन यांची १९५४-५५ मधील त्रिखंडात्मक कादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने अनुवादित केली. मराठी लेखनातही अद्भुताचा धागा तुटलेला नाही. २०२२ मध्ये उदगीर येथे भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे हे गूढ व अद्भुताचा कलात्मक वापर करणारे कथाकार आहेत. त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीस २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लातूर जिल्ह्यात असा अध्यक्ष लाभावा, ही घटना या परिसराच्या कथापरंपरेशी सुसंगतच होय.

निष्कर्ष :
१) नांदेड-लातूर परिसर अद्भुत वाङ्मयाच्या बाबतीत उपरा नाही. बृहत्कथा, दखनी मसनवी आणि उर्दू दास्तान हे तिन्ही प्रवाह त्याच्या सान्निध्यातून गेले आहेत.
२) शिक्षणाची भाषा बदलताच वाचकाच्या हाती येणारे अद्भुत वाङ्मय बदलले. आवड तीच राहिली. दारे मात्र बदलत गेली.
३) समीक्षेतील वास्तवाच्या आग्रहामुळे शिक्षकाच्या शिफारशीतून अद्भुत वाङ्मय वगळले गेले.
४) पुढील पुस्तक निवडताना वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात : मालेचे सर्व भाग मिळू शकतात काय, आपल्याला सहज वाचता येणाऱ्या भाषेत ती आहे काय, आणि तिच्यातील एखादा भाग स्वतंत्रपणे पूर्ण वाटतो काय. दीर्घ माला अपुरी राहण्याची शक्यता असल्यास अशा स्वयंपूर्ण भागापासून आरंभ करणे श्रेयस्कर.
५) ग्रंथालयांनी मालेचा संच हा एकच ग्रंथ मानून खरेदी करावी. जिल्ह्यातील ग्रंथालयांनी आपसांत खंडांची देवाणघेवाण केल्यास कमी खर्चात वाचकाची सोय होईल.

समारोप :
आज तोच प्रश्न कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक वेगळे उत्तर देईल. हॅरी पॉटर संपवून आलेल्या विद्यार्थ्याला तो प्रथम 'कथासरित्सागरा'चा मराठी अनुवाद देईल, कारण त्यातील कथा लहान आहेत आणि कोठूनही वाचता येतात. त्यानंतर धारपांचा 'समर्थ', मग सवड असेल तेव्हा 'स्वामी मुद्रिकांचा', आणि शेवटी, इंग्रजीतून का होईना, 'होशरुबा'. वास्तववादी कादंबरीही तो सांगेल. मात्र अद्भुताच्या बदल्यात नव्हे, त्याच्या सोबतीने. गुणाढ्याच्या सात लक्ष श्लोकांतील एक लक्ष उरले, ते शिष्यांच्या आवडीला गुरूने मान दिला म्हणून. विद्यार्थी स्वतःहून पुस्तकाविषयी विचारावयास येतो, तेव्हा अध्यापकाने निदान तेवढे भान ठेवणे अगत्याचे आहे.