पार्ल्याची पोटनिवडणूक

उजव्या राजकारणाचं मूळ शोधायचं म्हटलं की आपण पुस्तकांपासून सुरू करतो. सावरकरांचं 'हिंदुत्व' १९२३ चं, नागपुरात संघ १९२५ चा. मीही तसंच सुरू केलं होतं. मग अंधेरीत आमच्या आजोबांना विचारलं, तुम्ही शिवसेनेकडे कसे वळलात? उत्तर एका शब्दात आलं: नोकरी.

बाळ ठाकऱ्यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' काढलं. त्यात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या याद्या छापून यायच्या, बरीचशी नावं दाक्षिणात्य. लांबलचक भाष्य नाही, नुसती यादी. मी दिवसभर डेटात असतो, त्यामुळे या युक्तीची ताकद मला लगेच कळली. नावं खरी असतात, कारण मात्र वाचणारा आपलं आपण भरतो. १९ जून १९६६ ला शिवसेना झाली तेव्हा मुद्दा मराठी माणसाचा होता, धर्माचा नव्हे. ठाकऱ्यांचे वडील प्रबोधनकार तर भिक्षुकशाहीवर तुटून पडणारे!

मग वळण कुठे आलं? आपल्या बाजूलाच, विलेपार्ल्यात. डिसेंबर १९८७ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत सेनेचे डॉ. रमेश प्रभू उभे होते. ही लढाई हिंदूंच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची पर्वा नाही, अशा अर्थाची भाषणं ठाकऱ्यांनी केली. प्रभू जिंकले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे कोर्टात गेले आणि १९८९ मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली. गंमत बघा, त्याच वर्षी भाजपने पालमपूरला राममंदिराचा ठराव केला आणि सेनेशी युतीही केली. कोर्टाला ज्यात गुन्हा दिसला, त्यातच पक्षांना रस्ता दिसला.

सुप्रीम कोर्टाचा निकाल ११ डिसेंबर १९९५ चा. प्रभूंची आमदारकी गेलीच, पुढे ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. पण हिंदुत्व हा शब्द जीवनपद्धती म्हणूनही वापरला जाऊ शकतो, असं त्याच निकालात आलं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. तोवर मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले होते.

आजोबांना विचारलं, मग नोकऱ्यांचं काय झालं? ते म्हणाले, "तुझ्या टीममध्ये मराठी किती?" नऊ जणांत दोघे, मी सांगितलं.

"बाकीच्यांची नावं काय?"